हिप-हॉप बीटसाठी सॅम्पल कुठून उचलावे आणि कसे कापावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याकडे एक लॅपटॉप, सोळा पॅडचे एक छोटे सॅम्पलर (ध्वनीचे तुकडे साठवून पॅड दाबताच वाजवणारे यंत्र) आणि आजोबांच्या घरातल्या माळ्यावर सापडलेल्या चाळीसएक जुन्या तबकड्या आहेत. वर्षभरात त्यांनी त्यांतून बरेच बीट (रॅपरने ज्यावर बोलायचे ते संगीत) केले, पण ऐकणारा प्रत्येक वेळी ‘हे तर मूळ गाण्याखाली ड्रम टाकलेत’ असे म्हणतो. सॅम्पल (जुन्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा) आधी की ड्रम आधी, तुकडा किती लांबीचा घ्यावा आणि परवानगीचे काय करायचे, हेही त्यांनी विचारले आहे. मी गेली पंधरा वर्षे पुण्यात रॅपरांसाठी बीट तयार करतो आहे. एवढ्या काळात हाताला जी सवय लागली, तीच इथे मांडतो.

तुम्ही दिलेल्या उदाहरणांत एक गोष्ट समान दिसते. तुम्ही प्रत्येक वेळी मुखडा उचलला आहे. मुखडा हा गाण्याचा सर्वांत ओळखीचा भाग असतो. त्यात गायकाचा आवाज असतो, शब्द असतात आणि तो कानावर पडताच पुढची ओळ ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप सुरू होते. त्याखाली कितीही जड किक (ड्रमसेटमधल्या मोठ्या ड्रमचा ठोका) ठेवली तरी कान मूळ गाण्याच्याच मागे जातो. शिवाय त्या बीटवर उद्या एक माणूस बोलणार आहे, आणि एका आवाजावर दुसरा आवाज बसवायला तिथे जागाच उरलेली नसते. म्हणून सॅम्पल शोधताना मी गाणे ऐकत नाही, गाण्यातल्या फटी ऐकतो. गायकाने श्वास घेतला आणि मागे व्हायोलिनांचा शेवटचा स्वर विरत राहिला, अंतरा सुरू होण्यापूर्वी गिटार एकटी उरली, ठेका क्षणभर थांबला आणि फक्त मंजिरीची किणकिण राहिली, अशा जागा मला हव्या असतात.

हिप-हॉपचा जन्मच अशा फटीत झाला आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्क याने आपल्या बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. गायन थांबून फक्त ड्रम आणि तालवाद्ये उरतात त्या काही सेकंदांची नाचणारी मुले वाट पाहत असतात, हे त्याने हेरले होते. या भागाला ‘ब्रेक’ म्हणतात. एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो हा ब्रेक हवा तितका लांबवू लागला. सॅम्पलरने पुढे हेच काम हातातून यंत्रात नेले. १९६९ साली द विन्स्टन्स या बँडच्या एका तबकडीच्या मागच्या बाजूवर ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेले चार बारचे (एक बार म्हणजे चार ठोके), जेमतेम सात सेकंदांचे ड्रम पुढे हजारो ध्वनिमुद्रणांत वापरले गेले. ते गाणे किती जणांनी पूर्ण ऐकले असेल, याची मला शंकाच आहे.

आपल्याकडच्या जुन्या हिंदी चित्रपटगीतांत अशा फटींची रेलचेल आहे. मुखडा आणि अंतरा यांच्या मधले म्युझिक पीस हा स्वतंत्र कारागिरीचा भाग होता, आणि ते रचणाऱ्यांत गोव्याहून मुंबईत आलेले वादक आणि अरेंजर (वाद्यमेळ रचणारे) मोठ्या संख्येने होते. शंकर-जयकिशन यांच्यासाठी काम केलेले सेबॅस्टियन डिसूझा किंवा व्हायोलिनवादक आणि अरेंजर अँथनी गोन्साल्विस ही नावे जाणकारांना माहीत आहेत, पण तबकडीच्या लेबलवर ती सहसा नसत. चाल संगीतकाराची आणि आवाज गायकाचा, पण त्या दोहोंच्या मध्ये आठ बारांची जी वाट आखलेली असते ती पुष्कळदा या मंडळींची. मला नेमकी तीच वाट हवी असते. मॅडलिब या अमेरिकी बीट-निर्मात्याने २००७ साली जुन्या हिंदी चित्रपटांच्या तबकड्यांवर आधारलेले बीट प्रसिद्ध केले, तेव्हा आम्ही काही मित्रांनी ते पुन्हापुन्हा ऐकले होते. परक्या कानाला आपल्या गाण्यांतले शब्द अडवत नाहीत, त्यामुळे त्याला फटी आधी दिसल्या. आपल्याला हे मुद्दाम शिकावे लागते.

तबकड्या शोधायच्या तर पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, मुंबईत चोर बाजारातील मटण स्ट्रीट आहे. गाजलेल्या चित्रपटांच्या तबकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नका. पडलेल्या चित्रपटांच्या ईपी, एलपीवरचे श्रेयनामावलीचे संगीत आणि वाद्यांवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या माझ्या अधिक कामाला आल्या आहेत. पुण्याचे ॲकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्या अशा तबकड्या पुष्कळ निघाल्या, आणि त्यांत गायकाचा आवाज नसल्यामुळे आपले अर्धे काम आधीच झालेले असते. चित्रपटात वाजणारे गाणे आणि तबकडीवरचे गाणे हेही पुष्कळदा वेगळे असते, तेव्हा एकात गायकाने झाकलेला तुकडा दुसऱ्यात मोकळा सापडू शकतो.

पहिल्यांदा ऐकताना सॅम्पलर बंद असावे. मी एक वही आणि पेन्सिल घेऊन बसतो, तबकडीच्या दोन्ही बाजू सलग ऐकतो आणि फक्त वेळ टिपतो: बाजू दोन, १ मिनिट ४२ सेकंद, व्हायोलिन, ठेका नाही. यंत्र चालू असले की पहिल्या बऱ्या आवाजाशीच हात थांबतो आणि उरलेली तबकडी ऐकायची राहून जाते. एका एलपीमागे माझ्या वहीत सरासरी चार-पाच नोंदी होतात आणि त्यांतली एखादीच बीटपर्यंत पोहोचते.

आता एक बीट जवळून दाखवतो. सत्तरच्या दशकातल्या एका ४५ आरपीएमच्या ईपीवर दोन कडव्यांच्या मधला चार बारांचा तुकडा मला मिळाला. व्हायोलिनांचा समूह वरून खाली उतरतो, ॲकॉर्डियन त्याला उत्तर देतो आणि खाली बाँगो हलकासा वाजतो. वेग साधारण १०४ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १०४ ठोके. मी तो तसाच लूप करून, म्हणजे पुन्हापुन्हा फिरवून पाहिला आणि दुसऱ्या फेरीतच तो लंगडू लागला. कारण मोजल्यावर कळले: पहिला बार २.२९ सेकंदांचा होता, चौथा २.३६ सेकंदांचा. त्या काळी सगळा वाद्यवृंद एकत्र बसून वाजवत असे, कानात क्लिक (वेग धरून ठेवणारी यंत्राची टिकटिक) नसे, आणि तुकड्याच्या शेवटी गायकाला जागा देण्यासाठी मंडळी किंचित रेंगाळत. ते रेंगाळणे गाण्यात सुंदर वाटते, लूपमध्ये मात्र प्रत्येक फेरीला ठेच लागते. कॉम्प्युटरला सांगून चारही बार सारख्या लांबीचे ताणता येतात, पण तसे केल्यावर व्हायोलिनांच्या स्वरांवर एक प्रकारचा चिकटपणा येतो. म्हणून मी तो तुकडा आठ ठिकाणी कापला आणि आठ पॅडवर ठेवला.

कुठे कापायचे, याचे उत्तर लाटेच्या चित्रात नसते. सॉफ्टवेअर आपोआप प्रत्येक मोठ्या ठोक्यावर काप सुचवते. इथे ते बाँगोवर काप देत होते, आणि त्यामुळे व्हायोलिनांची मींड मधोमध तुटत होती. मी काप मींडेच्या आधी ठेवले, म्हणजे प्रत्येक तुकड्यात स्वर सुरू होऊन पोहोचायचा तिथे पोहोचतो. भारतीय गाण्यांत हे फार महत्त्वाचे आहे. पियानोचा स्वर कुठेही कापला तरी तो तोच स्वर राहतो, पण घसरत जाणारा स्वर अर्ध्यावर कापला की तो बेसूर ऐकू येतो. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला दोन-तीन मिलिसेकंदांचा फेड दिला, म्हणजे आवाज शून्यातून चढत आणला, नाही तर टिचकी ऐकू येते. आठही पॅड एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाकले, म्हणजे नवा पॅड वाजला की आधीचा तिथेच गप्प होतो. चॉपिंगची, म्हणजे अशा कापाकापीची, जी ओळखीची तुटक लय आहे ती बरीचशी या गप्प होण्यातून येते, आणि नवशिके नेमके हेच विसरतात.

पुढे पट्टीचा प्रश्न आला. हार्मोनियम घेऊन तपासले तर सॅम्पल काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्ये कुठेतरी होते. जुन्या तबकड्यांत हे नेहमीच आढळते. वाद्ये वेगळ्या पट्टीत मिळवलेली असतात, टेपचा वेग थोडा इकडेतिकडे असतो आणि आपल्या टर्नटेबलचाही भरवसा नसतो. अशा सॅम्पलखाली कीबोर्डवरचा बेस ठेवला की दोन्ही बरोबर असूनही ऐकताना डोके दुखते. मी सॅम्पल ३ सेमीटोन (हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर) आणि ४० सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग) खाली आणले आणि ते पांढरी एकमध्ये नीट बसले. वेग न राखता खाली आणल्यामुळे १०४ चा वेग साधारण ८५.५ झाला आणि व्हायोलिनांना सेलोसारखा जडपणा आला. मग मी बीटचा वेग मुद्दाम ८४ ठेवला. तुकडे आता पॅटर्नमधल्या आपल्या जागेपेक्षा किंचित आखूड पडतात आणि प्रत्येकाच्या शेवटी डोळ्याच्या पापणीएवढी शांतता उघडते. तिथे स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) श्वास घेतो. शेवटी आठांपैकी तीनच तुकडे बीटमध्ये राहिले, आणि तेही उलटसुलट क्रमाने. सातवा, दुसरा, पुन्हा सातवा, पाचवा. मूळ गाणे तोंडपाठ असलेल्या माझ्या मावशीला मी तो बीट ऐकवला, तेव्हा तिला ते गाणे ओळखता आले नाही, पण ‘हे कुठेतरी ऐकलंय रे’ असे ती म्हणाली. मला याहून चांगली पावती नको होती.

तुकड्याच्या लांबीबद्दल तुम्ही विचारले आहे. त्याचे उत्तर मी एका जुन्या यंत्रावरून देतो. ई-म्यू कंपनीचे एसपी-१२०० हे सॅम्पलर १९८७ साली आले. त्यात एकूण सुमारे १० सेकंदांचा ध्वनी मावत असे आणि एक सॅम्पल जास्तीत जास्त अडीच सेकंदांचे घेता येई. ९६ बीपीएमला चार ठोक्यांचा एक बार नेमका अडीच सेकंदांचा होतो, म्हणजे त्याहून संथ गाण्याचा एक पूर्ण बारही त्यात मावत नव्हता. यावर निर्मात्यांनी शोधलेली युक्ती प्रसिद्ध आहे: ३३ आरपीएमची तबकडी ४५ वर वाजवून सॅम्पल घ्यायचे आणि मग यंत्रात ते साधारण पाच सेमीटोन खाली आणायचे. जागा वाचली आणि १२ बिटच्या त्या यंत्रातून जाताना आवाजावर जो खरबरीतपणा चढला, तोच नव्वदच्या दशकातल्या न्यूयॉर्कचा आवाज म्हणून ओळखला गेला. आज लॅपटॉपमध्ये अख्खी तबकडी मावते, आणि म्हणूनच आपण अख्खा मुखडा उचलतो. मी स्वतःवर अडीच सेकंदांची मर्यादा अजूनही घालून घेतो. एखादे सॅम्पल त्याहून लांब हवेसे वाटले, तर ते का हवे आहे हे मला आधी स्वतःला पटवावे लागते. तुम्ही महिनाभर हे करून पाहा.

सॅम्पल आधी की ड्रम आधी, या वादात मला फारसा रस नाही. मी सॅम्पल आधी घेतो, कारण त्यातला मूळ ठेका किक कुठे पडू शकते ते सांगतो. दादऱ्यात बांधलेल्या गाण्याचा तुकडा चार ठोक्यांत आणायचा असेल तर तो सरळ लूप होणारच नाही, त्याचे कापून दाणे करावे लागतील. केरव्यातला तुकडा मात्र सहज बसतो. तबला किंवा ढोलकी सॅम्पलमध्ये स्पष्ट ऐकू येत असेल तर माझा हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) बहुतेक वेळा गळतो. दोन तालवादक एकाच जागेसाठी भांडू लागले तर श्रोता आधी उठून जातो.

स्विंगबद्दल मात्र थोडे सांगायला हवे. रॉजर लिन यांनी रचना केलेले आकाई एमपीसी-६० हे यंत्र १९८८ साली आले आणि त्यातला स्विंग आजही जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ टक्के म्हणजे जवळजवळ तिपटीची लय. जोडीतला दुसरा सोळांश ठोका (बारचा सोळावा भाग) किती उशिरा पडावा, एवढेच हा आकडा सांगतो. ८४ बीपीएमला ५४ टक्के स्विंग म्हणजे तो ठोका सुमारे १४ मिलिसेकंद उशिरा येतो. हा फरक ऐकू येत नाही, पण मान डोलू लागते. डेट्रॉइटचे बीट-निर्माते जे डिला यांनी याच्याही पुढे जाऊन ठोके हाताने, ग्रिडला (यंत्राच्या समान अंतरांच्या चौकटीला) न जुमानता मागेपुढे ठेवले. त्यांचे एमपीसी-३००० आज वॉशिंग्टनमधील आफ्रिकन-अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पण डिलाची नक्कल म्हणून सगळेच ठोके डळमळीत करू नका. माझा स्नेअर नेहमी जागेवर असतो, किक थोडी हलते आणि सॅम्पलचे तुकडे त्याहून जास्त. कुणीतरी एकाने सम धरून ठेवावी लागते.

यानंतरचे काम बहुतांशी काढून टाकण्याचे आहे. सॅम्पलमधला मूळ बेस १२० ते १५० हर्ट्झच्या खाली कापून तिथे नवा बेस वाजवावा. दोन बेस एकत्र ठेवू नयेत. कधी याच्या उलट करून, वरचे सगळे फिल्टरने दाबून तबकडीतला फक्त बेस वापरता येतो. न्यूयॉर्कचे बीट-निर्माते पीट रॉक यांचे जुने काम या दृष्टीने ऐकण्यासारखे आहे. रॅपरचा आवाज जिथे बसतो त्या मधल्या पट्ट्यात, साधारण १ ते ४ किलोहर्ट्झ, मी सॅम्पल थोडे दबवतो. आणि मुख्य म्हणजे कडव्याखाली सॅम्पल सतत वाजवत नाही. ख्यालगायकाला हार्मोनियमची साथ करणारा चांगला वादक गायक गात असताना मागे राहतो आणि गायकाने जागा सोडली की ती भरतो. बीट ही रॅपरची साथसंगत आहे, असे मी धरून चालतो. म्हणून बीट झाला की मी स्वतः त्यावर वर्तमानपत्रातला एखादा परिच्छेद मोठ्याने वाचतो. वाचताना माझी जीभ अडखळली किंवा मला आवाज चढवावा लागला, तर एक तुकडा जास्त आहे.

गाण्यातून आवाज वेगळा काढणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण विचाराल. डीझर कंपनीने २०१९ साली स्प्लीटर मोफत उपलब्ध करून दिले तेव्हापासून हे सर्वांच्या हाती आले आहे आणि त्यानंतरची साधने त्याहून पुष्कळ चांगली आहेत. मुखडा उचलून त्यातली गायिका पुसून टाकायची, असा मोह त्यामुळे होतो. मी ती बेस काढण्यासाठी वापरतो, गायन काढण्यासाठी क्वचितच. आवाज पुसलेल्या जागी पाण्याखालून आल्यासारखी एक सावली राहते आणि मोनो तबकड्यांत ती फारच जाणवते.

आता परवानगी. एका सॅम्पलमागे दोन हक्क असतात: एक त्या ध्वनिमुद्रणाचा, जो बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे असतो, आणि दुसरा मूळ रचनेचा. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, तर रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. त्यामुळे एखादे जुने ध्वनिमुद्रण मोकळे झाले तरी त्यातली चाल मोकळी झालेली असतेच असे नाही. शिवाय तेच ध्वनिमुद्रण अमेरिकेत मोकळे नसू शकते. तिथे १९४७ ते १९५६ या काळातल्या ध्वनिमुद्रणांना ११० वर्षांचे संरक्षण आहे, आणि तुमचे गाणे इंटरनेटवर गेले की ते तिथेही पोहोचते.

‘दोन सेकंदांपेक्षा कमी घेतले तर चालते’ ही समजूत आमच्या मंडळींत अजूनही आहे, तिला कायद्यात आधार नाही. अमेरिकेत २००५ साली एका अपील न्यायालयाने गिटारच्या दोन सेकंदांच्या तुकड्यावरूनही परवाना घ्या किंवा सॅम्पल करू नका, असे बजावले. २०१६ साली दुसऱ्या अपील न्यायालयाने पाव सेकंदाहून लहान तुकड्याच्या बाबतीत उलट मत दिले. तिथे न्यायालयांचेच एकमत नाही. आपल्या गाण्यांचेही खटले तिथे गेले आहेत. लता मंगेशकर यांनी गायलेल्या १९८१ च्या एका हिंदी गीताचा मोठा तुकडा २००२ साली गाजलेल्या एका अमेरिकी गाण्यात वापरला गेला, तेव्हा संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव दिल्याशिवाय तो अल्बम विकू नये, असा आदेश तिथल्या न्यायालयाने दिला होता.

माझा व्यवहार असा आहे. सरावासाठी आणि मित्रांत ऐकवण्यासाठी मी काहीही कापतो. गाणे प्रसिद्ध होणार असेल तर आधी परवानगी मागतो, आणि ती परवडणारी नसेल तर सॅम्पलला नमुना मानून नवीन काही वाजवून घेतो: एक व्हायोलिनवादक, एक ढोलकीवाला, दोन तासांचे मानधन, श्रेयनामावलीत नाव. ते मुद्रण मग कॅसेटवर उतरवून परत घेतो आणि तबकडीसारखेच कापतो. वादकाला मी आठ बार सलग वाजवायला सांगतो, पण वापरतो बहुधा तो वाजवून थांबला आणि तार अजून हलत होती तेवढा भाग.

एक चूक मात्र टाळा, कारण ती मला महागात पडली आहे. काही वर्षांपूर्वी माझा बीट असलेले एका रॅपरचे गाणे एका वेब मालिकेसाठी निवडले गेले. त्यांनी सॅम्पलचा तपशील मागितला आणि मला तो देता आला नाही. फाइलचे नाव होते ‘व्हायोलिन भारी ३’. मी तीन आठवडे घरातल्या तबकड्या उलटसुलट ऐकल्या, तुकडा सापडला नाही आणि त्यांनी दुसरे गाणे घेतले. तेव्हापासून सॅम्पल घेताच फाइलच्या नावात तबकडीचा लेबलवरचा क्रमांक, बाजू, गाण्याचे पहिले दोन शब्द, वेळ आणि पट्टी लिहितो, आणि तीच ओळ वहीत उतरवतो.